एजंटाचा पहारेकरी आणि बिल्ल्यांची बादली

संगणकाला मराठीत प्रश्न विचारला की तो मराठीत उत्तर देतो, याचे आता कोणाला नवल राहिलेले नाही. पण उत्तर देणे निराळे आणि काम करणे निराळे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे काही प्रोग्रॅम आता पत्रे पाठवतात, फायली बदलतात, तिकिटे काढतात. अशा प्रोग्रॅमला ‘एजंट’ म्हणतात. त्याला मोकळे सोडायचे किती आणि आवरायचे कसे, हे आपण पाहू.

समजा, तुमच्या शाळेच्या ग्रंथालयाचे काम एका एजंटाकडे सोपवले. त्याला तीन साधने दिली. पहिले, पुस्तकांच्या यादीत शोध घेण्याचे. दुसरे, मुदत उलटलेल्या पुस्तकांबद्दल पालकांना संदेश पाठवण्याचे. तिसरे, यादीतील नोंद खोडण्याचे. साधन म्हणजे येथे एक छोटासा प्रोग्रॅमच. एजंट ते स्वतः चालवत नाही. ‘अमुक साधन अमुक माहितीवर चालवा’ अशी मागणी तो लिहून देतो आणि दुसरा प्रोग्रॅम ती अमलात आणतो. मागणी आणि अंमलबजावणी यांच्यामधली ही जागा फार महत्त्वाची आहे. पहारेकरी उभा करायचा तो इथेच. तो प्रत्येक मागणीला दोन प्रश्न विचारतो: ‘तुला याची परवानगी आहे का?’ आणि ‘इतक्या लवकर पुन्हा कसा आलास?’

पहिला प्रश्न परवानगीचा. जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ साली संगणकातील माहितीच्या संरक्षणाची काही तत्त्वे मांडली. त्यांतील दोन आजही तंतोतंत लागू पडतात. एक, प्रत्येक प्रोग्रॅमला कामापुरतेच अधिकार द्यावेत, जास्त नकोत. दोन, ज्याला स्पष्ट परवानगी दिलेली नाही ते सारे नाकारावे. आपल्या ग्रंथालयात हे असे दिसेल: शोध घेण्यास परवानगी, संदेश पाठवण्यास परवानगी, पण ठरलेल्या मजकुरात आणि मुदत उलटली असेल तरच, नोंद खोडण्यापूर्वी ग्रंथपालांची संमती, बाकी सगळ्याला नकार.

‘नोंदी खोडू नकोस, असे एजंटालाच बजावले तर पुरणार नाही का?’ असे तुम्ही विचाराल. नाही पुरणार. एजंटाचा मेंदू पुढचा शब्द संभाव्यतेने निवडतो. त्यामुळे सूचना पाळली जाण्याची शक्यता वाढते, पण खात्री मिळत नाही. शिवाय एजंट इतरांनी लिहिलेला मजकूर वाचतो. त्यात कोणी लबाडीने एखादी आज्ञा लपवली, तर तीच आपल्या मालकाची आज्ञा आहे असा त्याचा समज होऊ शकतो. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या सेवेतील एका एजंटाने, काही बदलू नको असे बजावलेले असतानाही, चालू वापरातला माहितीसाठा पुसून टाकला. त्यानंतर प्रयोगाची आणि वापरातली माहिती वेगळी ठेवण्याची व्यवस्था कंपनीला करावी लागली. सूचना म्हणजे दारावरची पाटी; परवानगीची तपासणी म्हणजे दाराचे कुलूप.

आता दुसरा प्रश्न, वेगाचा. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर-दलाली कंपनीने आपल्या आठ संगणकांवर नवा प्रोग्रॅम बसवला होता, पण त्यांपैकी एकावर तो बसवायचा राहून गेला. तेथे जुना, टाकाऊ भाग जागा झाला आणि सौदे करत सुटला. सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक सौदे झाले आणि ४६ कोटी डॉलरांहून जास्त तोटा झाला. यात कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती. सौदे करण्याची परवानगीही होती. चुकली ती संख्या, आणि ती रोखणारे दारावर काही नव्हते.

संख्या रोखायची कशी? ‘दर मिनिटाला १० मागण्या’ असा साधा नियम करून पाहू. एजंटाने मिनिटाच्या शेवटच्या सेकंदात १० आणि पुढच्या मिनिटाच्या पहिल्या सेकंदात १० मागण्या केल्या, तर नियम न मोडता दोन सेकंदांत २० झाल्या! म्हणून बिल्ल्यांच्या बादलीची युक्ती वापरतात. बादलीत १० बिल्ले मावतात. दर ६ सेकंदांनी एक नवा बिल्ला पडतो. बादली भरलेली असेल तर तो वाया जातो. प्रत्येक मागणीला एक बिल्ला द्यावा लागतो. बिल्ला नाही, तर काम नाही. आता दोन सेकंदांत ११ पेक्षा जास्त मागण्या शक्यच नाहीत. एका तासात जास्तीत जास्त १० + ६०० = ६१०. सेकंदाला २० मागण्या करणारा मोकाट एजंट तासाला ७२,००० करील! गच्चीवरच्या टाकीचेही असेच असते: एकदम किती पाणी मिळेल हे टाकीच्या आकारावर, आणि दिवसभरात किती मिळेल हे नळाच्या धारेवर ठरते.

बिल्ले संपले की वेबवर ४२९ हा सांकेतिक क्रमांक परत येतो. २०१२ साली प्रमाणित झालेल्या या क्रमांकाचा अर्थ, ‘फार मागण्या झाल्या’. शहाणा एजंट मग १, २, ४, ८ सेकंद असा थांबत जातो. लगेच पुन्हा दार ठोठावत नाही.

या दोन पहाऱ्यांपैकी एकावर भागत नाही, हे ध्यानात घ्या. सगळी यादी पुसायला एकच मागणी पुरते. तिला बादली अडवणार नाही. आणि पालकांना हजार संदेश पाठवताना प्रत्येक संदेश नियमात बसू शकतो. त्याला परवानगी अडवणार नाही.

घरी हा प्रयोग करा. वाटीत ५ चिंचोके ठेवा आणि घड्याळ लावा. मित्राने दर १० सेकंदांनी एक चिंचोका टाकावा, पण वाटीत पाचाहून जास्त होऊ देऊ नयेत. तुम्ही दर ५ सेकंदांनी एक उचला; दोघांची वेळ एकच आली तर आधी मित्राने टाकावा. वाटी रिकामी सापडण्याची पहिली वेळ कोणती? आधी कागदावर गणित करा, मग पडताळा पाहा. नंतर वाटीत १० चिंचोके घेऊन हेच पुन्हा करा. पहिला नकार पुढे ढकलला जाईल. पण नकार सुरू झाल्यानंतर दर मिनिटाला मिळणारे चिंचोके वाढतात का, ते मोजा.