फोर व्हीलचा दांडा अडकला? ट्रान्स्फर खोलण्याआधी हे पाहा

पावसाने भिजलेल्या काळ्या रानातून सोयाबीनचे कट्टे बाहेर काढायचे म्हटले की चारही चाकांना जोर असलेली गाडी कामी येते. आपल्याकडच्या बहुतेक पिकअप मागच्या चाकांवरच चालतात. पण बोलेरो कॅम्परच्या काही मॉडेलांत आणि जुन्या महिंद्रा जीपमध्ये फोर व्हीलची सोय असते. गिअर बॉक्समागची ट्रान्स्फर केस इंजिनचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देते. तिथे काही अडले की मिस्त्री म्हणतो, "ट्रान्स्फर गेली, खोलावी लागेल." ऐन हंगामात गाडी उभी राहते, खर्च वेगळाच. पण पुष्कळदा आत काहीच मोडलेले नसते.

नेहमीची तक्रार म्हणजे दांडा फोरमधून निघत नाही. याचे कारण समजून घ्या. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. फोर व्हील लावल्यावर मात्र पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतात. चिखलात चाक थोडे घसरते आणि हा फरक निघून जातो. डांबरीवर चाक घसरत नाही, त्यामुळे सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि दात्यांत साठतो. शेतातून निघून फोर व्हील न काढता राजूर घाटाची वळणे चढलात, तर स्टिअरिंग जड होणार आणि दांडा घट्ट बसणार. तो हातोडीने ठोकू नका. सपाट जागी चाके सरळ करा, गाडी दहा-पंधरा फूट सरळ मागे घ्या आणि क्लच दाबून दांडा ओढा. बहुधा सुटतो. (फोर व्हील ट्रॅक्टरवाल्यांनीही डांबरीवर पुढची चाके सोडवावीत.)

सरळ रस्त्यावरही दांडा अडकत असेल तर टायर पाहा. पुढे नवे आणि मागे झिजलेले, किंवा हवा कमीजास्त असली, तरी हाच पीळ बसतो.

दुसरी तक्रार, दांडा फोरमध्ये आहे पण पुढची चाके ओढत नाहीत. ज्या गाडीच्या पुढच्या चाकांना लॉक होणारे हब आहेत, तिथे ते लॉक केले का, हे आधी बघा. केले असूनही ओढत नसेल तर दोन्ही हब मोकळे करा, पुढच्या शाफ्टला खडूची खूण करा, फोर लावून गाडी फूटभर पुढे घ्या आणि इंजिन बंद करून पाहा. खूण फिरली असेल तर ट्रान्स्फर ठीक आहे, दोष हबमध्ये किंवा पुढच्या धुऱ्यात. फिरली नसेल तर दांड्याची जोडणी ढिली किंवा आतला फोर्क झिजलेला. बटणाच्या गाडीत आधी फ्यूज आणि वायर तपासावी.

चढावर लो मधून दांडा आपोआप उडत असेल तर मात्र दुर्लक्ष नको. ट्रान्स्फर न्यूट्रलमध्ये गेली की गिअरमध्ये उभी केलेली गाडीही घरंगळते. जुन्या विलीज पद्धतीच्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फरमागच्या शाफ्टवर असतो. मागचे एक चाक जॅकने उचलले की तोही धरत नाही. म्हणून जॅक लावण्याआधी बाकीच्या चाकांना दगड लावाच.

नाल्याच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर ऑइल पाहायला विसरू नका. दुधाळ दिसले म्हणजे पाणी शिरले. तसेच चालवले तर बेअरिंग जाते. वरच्या ब्रीदरचे तोंड चिखलाने बुजले की आत दाब वाढून सीलमधून ऑइल गळते. तिथे नवे सील बसवण्याआधी ब्रीदर साफ करावा. ऑइल कंपनीच्या पुस्तकात दिलेल्याच प्रतीचे घाला. काढलेले ऑइल फेकण्याआधी बोटांवर चोळून बघा. बारीक काळी भुकटी झिजेची असते. चुरा किंवा कपच्या लागल्या तर दाता तुटला आहे. अशी गाडी पुढे न चालवता मिस्त्रीकडे ओढून न्या.