सिस्टर, मावशी, मामा

आपल्याकडच्या दवाखान्यांत एक गंमत आहे. आयाबाईंना सगळे ‘मावशी’ म्हणतात, वॉर्डबॉयला ‘मामा’ आणि नर्सला ‘सिस्टर’. डॉक्टर मात्र डॉक्टरच राहतात. लहान मुलांचे ‘डॉक्टरकाका’ सोडले तर त्यांच्याशी कोणी नातं जोडत नाही. नाती लागतात ती कमी पगारवाल्यांनाच. साहित्याची विद्यार्थिनी असल्यामुळे असेल, पण मला या हाकांचा विचार केल्याशिवाय राहवत नाही.

आमच्यासारख्या कॅथलिक घरात ‘सिस्टर’ म्हणजे आधी कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर. हे साम्य योगायोगाचं नाही. युरोपात शतकानुशतकं आजाऱ्यांची शुश्रूषा धर्मभगिनींनी केली आणि ब्रिटिश इस्पितळांत वॉर्ड सांभाळणाऱ्या वरिष्ठ नर्सला ‘सिस्टर’ म्हणायची पद्धत पडली. इंग्रजांबरोबर तो शब्द आपल्याकडे आला आणि वरिष्ठ-कनिष्ठ सगळ्याच नर्सना लागला. पण धर्मभगिनी दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेते, आणि त्या बदल्यात तिचं जेवणखाण, आजारपण, म्हातारपण तिचा संघ बघतो. नर्सने असलं कुठलंही व्रत घेतलेलं नाही. तिला घरभाडं आहे आणि बऱ्याचदा नर्सिंगच्या फीसाठी काढलेलं कर्जही आहे. आपण शब्द उसना घेतला आणि त्याच्याबरोबर व्रताची अपेक्षाही तिच्यावर टाकली.

माझी चुलत बहीण बेळगावातल्या एका खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. तिची नाईट रात्री ८ ते सकाळी ८. वॉर्डात २४ पेशंट, नर्स ती एकटी आणि मदतीला एक मावशी. ‘नर्स काय करते’ या प्रश्नाला सुई टोचते, सलाईन लावते असं उत्तर आपण देतो. ताईला विचारलं तर ती आधी पाठीबद्दल बोलते. जो पेशंट स्वतः कुशीवर वळू शकत नाही, त्याला साधारण दर २ तासांनी वळवावं लागतं. नाहीतर हाडाच्या जागी दाब पडून रक्तपुरवठा थांबतो, कातडी मरते आणि जखम होते. तिला बेडसोअर म्हणतात. ती खोल गेली की महिनोन्‌महिने भरत नाही, जंतुसंसर्ग होऊन जीवही जाऊ शकतो.

आता हिशेब करू. वॉर्डात असे ६ पेशंट आहेत असं धरा. पाठ पुसायची, चादर सरळ करायची, कुशीवर वळवून उशी लावायची, प्रत्येकी १० मिनिटं. म्हणजे दर २ तासांतला १ तास यातच गेला आणि १२ तासांच्या रात्रीतले ६ तास संपले. उरलेल्या ६ तासांत बाकीच्या १८ जणांचे अँटिबायोटिक, बीपी, शुगर, नवीन अ‍ॅडमिशन, नातेवाइकांचे प्रश्न, शिवाय सगळं फाइलमध्ये लिहायचं. जेवण कधी, हे मी ताईला विचारलं होतं. ती नुसती हसली.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण सांगतं की सर्वसाधारण रुग्णालयात ५ रुग्णांमागे १ नर्स हवी, शिकवणाऱ्या रुग्णालयात ३ मागे १. कागद आणि वॉर्ड यांच्यात जे अंतर आहे, ते कोणीतरी स्वतःच्या पाठीवर वाहून नेतं.

अंतर कसं भरून निघतं याचं सर्वांत मोठं उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयात घडलं. अरुणा शानबाग मूळच्या हळदीपूरच्या, म्हणजे कर्नाटकातल्याच. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी ड्यूटी संपवून तळघरात कपडे बदलत असताना त्यांच्यावर एका सफाई कामगाराने हल्ला केला. मेंदूला इजा झाली आणि त्या कधीच शुद्धीवर आल्या नाहीत. १८ मे २०१५ ला त्या वारल्या. मधल्या ४१ वर्षांत नर्सच्या पिढ्या बदलल्या, पण त्यांना वळवणं, भरवणं, पुसणं थांबलं नाही. त्यांना बेडसोअर झाले नाहीत, ही गोष्ट तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नोंदवावीशी वाटली. पालिकेने १९८० च्या दशकात त्यांना दुसरीकडे हलवायचा प्रयत्न केला, तेव्हा नर्सनीच विरोध केला. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय घेण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला.

या कथेचा सेवाभावाचा भाग आपण भाषणांतून ऐकतो. हल्ल्यानंतर मुंबईतल्या नर्सनी संप केला होता, हा भाग कोणी सांगत नाही. अरुणाची नीट काळजी घ्या आणि आम्हाला सुरक्षित कामाची जागा द्या, या दोन्ही मागण्या त्यात होत्या. माझ्या मते शुश्रूषा आणि संप एकाच माणसाने करावा यात काही विसंगत नाही.

पगाराचंही तसंच. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने खाजगी नर्सबद्दल शिफारशी केल्या. ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी महिना किमान २०,००० रुपये, आणि २०० पेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयात सरकारी नर्सइतका पगार. पण शिफारस म्हणजे कायदा नव्हे, ती राज्यांनी अमलात आणायची. केरळात नर्सनी मोठी आंदोलनं केली, तेव्हा २०१८ मध्ये तिथे किमान वेतन वाढलं. २०२० च्या मार्चमध्ये आपण सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या, आमच्या गल्लीत तर घंटाही वाजली. ताई तेव्हा ट्रेनिंगमध्ये होती. ती म्हणते, “आवाज छान होता गं.” एवढंच.

आणखी एक काम कुठल्याच फॉर्मवर नसतं. बेळगावच्या वॉर्डात खानापूरची आजी मराठीत बोलते, बैलहोंगलचे आजोबा कन्नडमध्ये, गोव्याहून आलेला पेशंट कोंकणीत, आणि कोणी हिंदीत. डॉक्टर दोन मिनिटांत सांगून जातात, मग “म्हणजे काय हो सिस्टर?” हा प्रश्न ताईकडे येतो. ऑपरेशन, उपाशी राहणं, खर्च, कधीकधी मरणसुद्धा, ती चार भाषांत समजावते. त्याचा भत्ता नाही, सर्टिफिकेट नाही.

सध्या ती पाचवी भाषा शिकते आहे. जर्मनीत नर्स कमी आहेत आणि तिकडे पूर्ण मान्यतेसाठी साधारण बी-टू पातळीची जर्मन लागते. नाईट संपवून आली की दोन तास झोपते आणि मग ऑनलाइन क्लासला बसते. काकू म्हणतात, “इथली माणसं सोडून तिथल्या म्हाताऱ्यांची सेवा?” ताईने वहीत क्रियापदं लिहिता लिहिताच उत्तर दिलं, “सेवा नाही गं आई, नोकरी.” तिची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.