धंद्याच्या वहीत एक पान पावसाचं!

घरगुती धंदा सुरू करताना आपण हिशेब मांडतो तो बहुधा चांगल्या दिवसांचा. महिन्याला इतकी पाकिटं, पाकिटामागे इतके रुपये, म्हणजे वर्षाला एवढे! पण उडीद डाळ महागली तर? ठरलेली ऑर्डर ऐनवेळी रद्द झाली तर? २०२० च्या टाळेबंदीत लग्नकार्यं थांबली आणि त्यावर अवलंबून असलेल्या कितीतरी जणींचं काम रातोरात बंद पडलं. उद्याचं कुणालाच सांगता येत नाही, हे खरं. मग वाढीचं नियोजन करायचं तरी कसं?

मैत्रिणींनो, ‘लिज्जत’ पापड आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत, गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणींनी पापड लाटायला घेतले. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी झाली चार पाकिटं. त्यात पहिल्याच वर्षी पावसाळ्यानं गाठलं. पापड वाळेनात. चार महिने काम ठप्प!

पुढच्या पावसाळ्याआधी त्यांनी काय केलं? एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरायचे, खाली स्टोव्ह पेटवायचा. झालं काम! भर पावसातही लाटणी थांबली नाही. नवी कल्पना म्हणजे महागडं यंत्रच हवं असं थोडंच आहे?

बायका वाढल्या, तशी जागा पुरेना. पण म्हणून त्यांनी मोठा कारखाना नाही बांधला. पीठ केंद्रावर मळायचं आणि लाटायला प्रत्येकीनं आपापल्या घरी न्यायचं, अशी पद्धत पाडली. पीठ एकाच ठिकाणचं, म्हणून चव सगळीकडे तीच.

सगळंच जमलं असंही नाही हं! १९६१ मध्ये मालाडला शाखा काढायचा प्रयत्न फसला. आगपेट्या, अगरबत्त्या करून पाहिल्या, त्याही टिकल्या नाहीत. खाकरा, मसाले मात्र चालले. १९६८ मध्ये गुजरातेत वालोडला काढलेली शाखाही चालली. नवं करून पाहताना मूळचा पापड त्यांनी सोडला नाही, म्हणून एखादा डाव फसला तरी चूल विझली नाही. आज ४० हजारांहून जास्त बहिणी या संस्थेत आहेत. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये ‘पद्मश्री’ जाहीर झाली.

आपणही एवढं करू शकतो. वहीत एक पान ‘पावसाचं’ ठेवा. विक्री निम्म्यावर आली, माल महागला किंवा आपणच महिनाभर आजारी पडलो तर काय करायचं, ते त्यात लिहा. नवा पदार्थ आधी दोन-चार किलोच करून पाहा. त्यात किती पैसे बुडाले तरी घरखर्च अडणार नाही, तो आकडा आधीच ठरवा. बचत गटाचं कर्ज घेताना हप्ता मंदीच्या महिन्यातही झेपेल इतकाच ठेवा. सगळा माल एकाच दुकानदाराला देऊ नका. त्यानं हात वर केले की आपण अडकलो!

पाऊस कधी येईल ते आपल्या हातात नाही. खाट आणि स्टोव्ह आधी आणून ठेवणं मात्र नक्कीच आहे.