निळे पेन निवडताना

शाळेतला सर्वांत दीर्घायुषी कागद कोणता, असे विचारले तर कोणतेही मुख्याध्यापक जनरल रजिस्टरकडे बोट दाखवतील. पहिलीत आलेल्या मुलाची जन्मतारीख त्यात लिहिली जाते आणि तो माणूस निवृत्त होईपर्यंत तिची गरज पडत राहते. दाखल्याची दुसरी प्रत, जातीचा पुरावा, पासपोर्ट असे काही निघाले की चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे पान उघडावे लागते. आता नोंदी संगणकावरही होतात हे खरे. पण वाद उपस्थित झाला की हाताने लिहिलेले पानच पाहिले जाते. आणि ते पान बहुतेक वेळा टेबलावर जे पेन हाती लागेल त्याने लिहिलेले असते!

म्हणून रोजच्या लिहिण्याला निळे पेन कोणते घ्यावे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. दुकानात आपण पेनाची पकड पाहतो, रंग पाहतो, किंमत विचारतो. खरे तर विचारायला हवे ते शाईबद्दल.

आधी एका जुन्या शाईची गोष्ट पाहू. 'ब्लू-ब्लॅक' हे नाव आपल्या परिचयाचे आहे, पण ते का पडले? मायफळ किंवा हिरडा यांत टॅनिन असते. त्याच्या काढ्यात हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, घातले की शाई तयार होते. ताजी असताना ती फिकी असते. कागदावर हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन मगच काळी पडते. पण लिहिणाऱ्याला आपण काय लिहितो आहोत ते त्याच क्षणी दिसायला हवे. म्हणून तिच्यात निळा रंग मिसळत. लिहिताना निळी, काही दिवसांनी काळी, म्हणून ब्लू-ब्लॅक. ही शाई कागदाच्या धाग्यांत मुरून तिथेच अविद्राव्य होते, त्यामुळे ती पाण्याने जात नाही. मात्र ती आम्लधर्मी असल्याने निब गंजते, आणि शाई फार तीव्र असेल तर अक्षरांच्या जागी कागदच जीर्ण होतो. वर्गात चहाच्या कोऱ्या काढ्यात चिमूटभर हिराकस टाकून पाहा; काढा काळवंडलेला मुलांना लगेच दिसेल. हल्ली ब्लू-ब्लॅक नावाने मिळणाऱ्या बहुतेक शायांत मात्र लोह नसते, नुसते रंग असतात.

आपल्याकडे शाईची पूड पाण्यात कालवून दौत भरण्याचा काळ अनेकांना आठवत असेल. मुंबईत १९३१ साली दि. प. दांडेकर यांनी 'हॉर्स ब्रँड' नावाने अशी पूड करायला सुरुवात केली. 'कॅमल' शाई आणि कॅम्लिन कंपनी ही त्याचीच पुढची वाटचाल.

आज शाईपेनात भरतो ती निळी शाई म्हणजे मुख्यतः पाण्यात विरघळलेला रंग. निब कागदाला नुसती टेकली की केशाकर्षणाने शाई उतरते, दाब द्यावा लागत नाही. हाताला हे पेन सर्वांत सुखाचे. पण जो रंग पाण्यात विरघळतो तो पावसाच्या थेंबातही विरघळणार. छत्री उलटी झाली की वही धुऊन निघते.

बॉलपेनाने हा प्रश्न सोडवला, पण वेगळ्या किमतीवर. टोकाशी गोळी बसवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत जॉन लाउड यांनी कातड्यावर खुणा करण्यासाठी १८८८ मध्ये तसे पेटंट घेतले होते. अडचण होती ती शाईची. पातळ शाई गोळीभोवतीच्या फटीतून गळते आणि घट्ट शाई उतरतच नाही. हंगेरीतले पत्रकार लास्लो बिरो यांनी रसायनशास्त्राची जाण असलेल्या आपल्या भावाच्या मदतीने जमेल अशी शाई शोधली. त्यांचे पहिले पेटंट १९३८ चे. पुढे अर्जेंटिनात जाऊन त्यांनी पेन सुधारले. ही शाई पाण्यापेक्षा हजारो पटींनी दाट असते आणि तिच्यात पाण्याऐवजी सेंद्रिय द्रावक असतो. म्हणून ती पाण्याने जात नाही आणि टोपण उघडे राहिले तरी लगेच वाळत नाही. पण गोळी फिरण्यासाठी कागदाचे घर्षण लागते, म्हणून पेन दाबावे लागते. तासभर बॉलपेनाने लिहिल्यावर बोटे का दुखतात, याचे उत्तर इथे आहे.

ही गोळी किती फिरते? वरच्या वर्गांना हे गणित घालण्यासारखे आहे. गोळीचा व्यास ०.७ मिलिमीटर असेल तर परीघ सुमारे २.२ मिलिमीटर. म्हणजे एक मीटर रेघेला गोळी साडेचारशेच्या वर फेरे घेते. आता एका अक्षरात किती रेघ असते, ते वहीतल्या अक्षरावर दोरा ठेवून मोजायला सांगा. काना, मात्रा, शिरोरेघ धरून अडीच सेंटिमीटर निघाली आणि पानावर पाचशे अक्षरे असली, तर एका पानाला साडेबारा मीटर रेघ झाली. एवढ्यात गोळी साडेपाच हजारांहून अधिक वेळा फिरली! इतके फेरे सोसण्यासाठी ती टंगस्टन कार्बाइडसारख्या अतिशय कठीण पदार्थाची करतात. गोळी ज्या खोबणीत बसते ती मात्र मऊ धातूची असते. ती झिजली की गोळी सैल होते आणि अक्षराच्या शेवटी शाईचे ठिपके पडू लागतात. म्हणून विकत घेताना नुसती सरळ रेघ मारून पाहू नये. इंग्रजी आठाचा आकडा भराभर गिरवावा. रेघ मधेच तुटते का, वळणावर ठिपका साचतो का, हे तिथे कळते.

निळ्या बॉलपेनातला निळा रंग सहसा एकच नसतो. त्यात जांभळा क्रिस्टल व्हायोलेट बऱ्याचदा असतो. तोंड आल्यावर लावतात ते जेन्शन व्हायोलेट, तेच हे द्रव्य. रंग गडद आणि स्वस्त, पण उन्हात टिकत नाही. त्याच्या जोडीला तांब्याचे थॅलोसायनिन या गटातला रंग असला तर तो प्रकाशात बराच टिकतो. या दोहोंचे प्रमाण किती, ते वेष्टनावर लिहिलेले नसते. ते आपणच पाहू शकतो.

गाळणकागदाच्या किंवा टीपकागदाच्या पट्टीवर तळापासून दोन सेंटिमीटरवर शिसपेन्सिलने रेघ आखा (पेन्सिलीतले ग्राफाइट विरघळत नाही, म्हणून पेन्सिल). त्यावर वेगवेगळ्या बॉलपेनांचे ठळक ठिपके द्या. उंच बरणीत सेंटिमीटरभर सर्जिकल स्पिरिट घेऊन पट्टी अशी टांगा की ठिपके स्पिरिटच्या वर राहतील, आणि झाकण लावा. स्पिरिट ज्वालाग्राही आहे, तेव्हा जवळपास दिवा नको आणि ओतण्याचे काम शिक्षकांनीच करावे. स्पिरिट वर चढू लागले की अनेक ठिपक्यांतून जांभळा आणि निळा असे पट्टे वेगळे होतात. दोन 'सारखी' निळी पेने मुळीच सारखी नाहीत, हे पाहून मुलांना गंमत वाटते. संशयास्पद दस्तऐवजांतली शाई तपासताना तज्ज्ञ हेच तत्त्व वापरतात. विभाजनावर आधारलेल्या या वर्णलेखनासाठी मार्टिन आणि सिंज यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते.

जेलपेन जपानमध्ये १९८४ च्या सुमारास आले. त्याची शाई पाण्यातलीच, पण घट्ट केलेली. दही घुसळले की पातळ होते, तशी ही शाई फिरत्या गोळीजवळ पातळ होते. फरक एवढाच की ताकाचे पुन्हा दही होत नाही, ही शाई मात्र कागदावर टेकताच पुन्हा घट्ट होते. यामुळे दाब कमी लागतो. शिवाय अनेक जेल-शायांत विरघळलेल्या रंगाऐवजी न विरघळणारे रंगकण असतात. मीठ पाण्यात विरघळते आणि गेरूचे कण नुसते पसरतात, तसा हा भेद आहे. हे कण कागदाच्या धाग्यांत अडकून बसतात. अशा शाईवर पाणी, स्पिरिट आणि ऊन यांचा परिणाम फार थोडा होतो. रजिस्टरसाठी माझी पसंती याच शाईला. मात्र ती वाळायला क्षणभर वेळ लागतो, डावखुऱ्या मुलाचा हात तिच्यावरून फिरून अक्षर फरफटते, आणि रिफिल लवकर संपते. म्हणून रोजच्या टाचणाला आणि मुलांच्या वह्यांना चांगले बॉलपेनच परवडते. सगळ्याच जेल-शायांत रंगकण असतात असेही नाही. एक रेघ ओढून, वाळू देऊन, वर पाण्याचा थेंब टाकला की कळेल.

एका पेनापासून मात्र सावध राहावे. मागच्या रबराने घासून पुसता येणाऱ्या शाईची पेने गेल्या पंधरा-वीस वर्षांत आली आहेत. तिथे रबर शाई खरवडत नाही. घर्षणाच्या उष्णतेने, साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वर, शाई रंगहीन होते. उन्हात उभ्या मोटारीत कागद राहिला तरी हेच घडू शकते. असे पेन दाखल्यावर किंवा धनादेशावर सही करताना चुकूनही वापरू नये.

उन्हाची परीक्षा सोपी आहे, वेळ मात्र लागतो. जाड कागदावर शाळेतल्या सगळ्या पेनांच्या रेघा ओढून नावे पेन्सिलीने लिहा. अर्ध्या रेघा काळ्या कागदाने झाका आणि कागद ऊन येणाऱ्या खिडकीत तीन आठवडे चिकटवून ठेवा. एप्रिलमध्ये लावला तर परीक्षा संपेपर्यंत निकाल हाती येतो. झाकलेला आणि उघडा भाग शेजारी ठेवून पाहिले की कोणते पेन रजिस्टरजवळ ठेवायचे ते ठरवता येते.

जाता जाता टोपणाविषयी. पेन चघळणे ही मुलांची जुनी सवय. टोपण चुकून घशात अडकलेच तर थोडी तरी हवा आत जात राहावी, म्हणून टोपणाच्या टोकाला छिद्र ठेवतात आणि त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकही आहे. पेनाच्या दांडीवरचे बारीक छिद्र वेगळे. ते आतल्या-बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून असते. लहान मुलांसाठी घेताना टोपण उजेडासमोर धरून पाहावे. आरपार दिसत नसेल, तर दुसरे मागावे.