सामाईक खर्चाची वाटणी



हिशेब हा कारकुनाचा विषय, कामगाराचा नव्हे, अशी समजूत आपल्यात रूढ आहे. परंतु ज्या कागदावर आपले खाते ‘तोट्यात’ ठरते, तो कागद वाचता येणे ही कामगाराचीच गरज आहे. म्हणून आज सामाईक खर्चाच्या वाटणीविषयी बोलावयाचे आहे.

पनवेल, पेण, कर्जत हा भाताचा मुलूख. गिरणीत भात भरडले की तांदूळ निघतो, कोंडा निघतो आणि तूसही निघते. मला फक्त तांदूळ हवा, कोंडा नको, असे गिरणीवाल्यास म्हणता येत नाही. भाताची किंमत आणि भरडाई हा या सर्वांचा सामाईक खर्च होय. माल वेगळा झाल्यावर एकेकावर जो खर्च होतो, उदाहरणार्थ कोंड्यातून तेल काढण्याचा, तो त्या मालाचा स्वतंत्र खर्च. स्वतंत्र खर्च कोणाच्या नावे मांडावा याबद्दल वाद नसतो. वाद असतो तो सामाईक खर्चाचा.

समजा, १०० क्विंटल भाताचा सामाईक खर्च २,१६,००० रुपये आला. ६४ क्विंटल तांदळाचे २,२४,००० आणि ८ क्विंटल कोंड्याचे १६,००० रुपये झाले. तूस भट्टीत जळणास गेले. एकूण नफा २४,००० रुपये.

आता वजनावर वाटणी करा. कोंड्याच्या वाट्यास नववा हिस्सा, म्हणजे २४,००० रुपये खर्च येतो. कोंडा ८,००० रुपये तोट्यात, तर तांदूळ ३२,००० रुपये नफ्यात. हीच वाटणी विक्रीच्या किमतीवर करा. कोंड्यास १४,४०० रुपये खर्च लागतो आणि त्यास १,६०० रुपये नफा होतो. तांदळाचा नफा २२,४०० रुपये. एकूण नफा दोन्ही वेळा २४,००० रुपयेच! गिरणीत काडीचाही फरक पडला नाही; पडला तो फक्त वहीत.

समजा, या कोंड्यावर ५,००० रुपये खर्चून तेल व पेंड काढली आणि त्यांचे २३,००० रुपये आले. कोंडा तसाच विकला असता तर १६,००० मिळाले असते. म्हणजे उत्पन्न ७,००० रुपयांनी वाढले, खर्च ५,००० रुपयांनी; २,००० रुपये जास्त उरले. तेल काढावे की नाही हे एवढ्यावरच ठरते. वजनाच्या वाटणीचे ‘८,००० रुपये तोटा’ दाखवून तेलाचे खाते बंद करणे ही चूक होय. खाते बंद झाले तरी भात भरडताना कोंडा निघणारच आणि सामाईक खर्च एका पैशानेही कमी होणार नाही.

हे गिरणीपुरतेच नाही. १९६० साली स्थापन झालेल्या आणि आपल्या शेजारी रसायनीस कारखाना उभारणाऱ्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा कोची येथेही कारखाना आहे. तेथील पद्धतीत एक टन फिनॉलमागे सुमारे ०.६ टन ॲसिटोन आपोआप तयार होते. हे प्रमाण रसायनशास्त्र ठरविते, व्यवस्थापक नव्हे.

साखर धंद्यात हा प्रश्न शेतकऱ्यांपुढे आला. उसातून साखरेबरोबर मळी, बगॅस आणि गाळाची प्रेसमड निघते. २०१२ साली रंगराजन समितीने खर्च वाटीत बसण्याऐवजी उत्पन्नच वाटण्याची शिफारस केली: साखर व या उपपदार्थांच्या उत्पन्नाचे ७० टक्के, अथवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नाचे ७५ टक्के ऊस उत्पादकास. महाराष्ट्राने २०१३ साली यासाठी कायदाही केला.

कामगारास याची झळ बोनसात लागते. १९६५ च्या बोनस कायद्याने एका आस्थापनेचे सर्व विभाग सामान्यतः एकच धरले. पण ज्या विभागाचा ताळेबंद व नफातोटापत्रक वेगळे निघते, त्याचा बोनस काही अटींवर वेगळा मोजण्याची वाटही ठेवली. अशा वेळी सामाईक खर्च कोणाच्या माथी मारला, यावर कामगाराच्या हातात पडणारी रक्कम अवलंबून असते.

किमतीवरची वाटणी अधिक समंजस वाटते, कारण ज्याचे उत्पन्न जास्त, तो भार जास्त उचलतो. पण तीही एक सोयच आहे. साठ्याची किंमत काढण्यास कोणती तरी वाटणी लागतेच. खाते ठेवावे की मोडावे, हे मात्र तिच्यावरून ठरवू नये.

म्हणून पुढे कोणी ‘तुमचे खाते तोट्यात आहे’ म्हणाले, तर रागावू नका. तीन प्रश्न विचारा. यात सामाईक खर्च किती? तो कोणत्या मापाने वाटला? आणि खाते बंद केल्यास त्यातला कोणता खर्च खरोखर वाचेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत मिळेपर्यंत टेबलावरून उठू नका.