नोट हलली, तरी हात जोडू नका!

वाचकहो, माण तालुक्यातल्या एका गावातली ही गोष्ट. शिलाईच्या दुकानाच्या ओट्यावर एका पोराच्या तळहातावरची दहा रुपयांची चुरगळलेली नोट हलली, उठली आणि दोन बोटे वर तरंगत राहिली. बघणारे दहा-बारा जण. पोरे ओरडली, मोठी माणसे "आयला!" म्हणाली आणि कडेला बसलेल्या एका म्हातारीने सरळ हात जोडले. "कुणाची किरपा झाली रं बाबा तुज्यावर?" असे म्हणत तिने कनवटीला बांधलेले अकरा रुपये सोडून ओट्यावर ठेवले.

तुम्ही म्हणाल, यात लिहिण्यासारखे काय? लिहिण्यासारखे आहे ते त्या अकरा रुपयांबद्दल.

पोरगा वीस-बावीस वर्षांचा. दिवसा ओव्हरलॉकच्या मशिनवर बसायचे आणि रात्री मोबाइलवर जादूचे व्हिडिओ बघायचे, हा त्याचा क्रम. त्याच्यावर कृपा होती ती फक्त धाग्याची! ताणल्या जाणाऱ्या कापडाची कड शिवायला फुगीर नायलॉनचा धागा लागतो. त्याला वुली नायलॉन म्हणतात. तो उसवून पाहा, आत अनेक तंतू निघतात. तयार करतानाच या तंतूंना पीळ देऊन, तापवून, पीळ सोडलेला असतो. त्यामुळे तंतू स्प्रिंगसारखा कुरळा राहतो. ओढला की लांबतो, सोडला की आखडतो. माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो. हा तंतू त्याच्या निम्म्याहूनही बारीक. चार हातांवरून कुणाला दिसणार?

जादूगार मंडळींना ही गंमत फार जुनी. नॉर्वेचे फिन जॉन यांचे नाव या लवचीक धाग्याशी जोडलेले आहे. अमेरिकेतले मायकेल अमार यांनी याच धाग्याच्या खेळांचे धडे देणाऱ्या व्हिडिओ कॅसेटी काढल्या. तेव्हा अशी कॅसेट आपल्या खेड्यात कुठून येणार? आता मात्र ते शिक्षण प्रत्येकाच्या खिशात आले आहे.

पण थांबा. व्हिडिओ पाहिला म्हणजे जादू आली असे नाही. हा पोरगा सांगतो, "धागा चार आण्याचा, पण हात बसायला सहा महिने गेले." पहिल्या महिन्यात धागे तुटण्यापलीकडे काही झाले नाही. शिलाईने बोटांना घट्टे पडलेले, त्यात धागा अडकायचा. पंखा चालू असला तर नोट भलतीकडे जायची. ऊन मागून आले की धागा चांदीसारखा चमकायचा. मग त्याला कळले की समोरून मंद उजेड हवा, अंगात बारीक नक्षीचा गडद सदरा हवा आणि वस्तू नोटेसारखी, जेमतेम ग्रॅमभर वजनाची हवी.

व्हिडिओत आणखी एक मेख आहे. कॅमेऱ्याला जो धागा टिपता येत नाही, तो जवळ बसलेल्या पोराच्या तीक्ष्ण डोळ्याला दिसू शकतो. कॅमेरा एकाच बाजूने बघतो. ओट्यावर माणसे तिन्ही बाजूंनी बसतात, आणि एखादे शेंबडे पोर मध्येच हात घालते. ते कसे सांभाळायचे, हे व्हिडिओ शिकवत नाही. ते माणसांतच शिकावे लागते.

आता अकरा रुपयांकडे येऊ. पोराने ते म्हातारीला परत दिले, पण गुपित सांगितले नाही. जादूगाराने गुपित फोडायचे नसते, हा या विद्येचा जुना नियम, आणि त्याने तो मनापासून मानला होता. पण गावात शब्द फिरला. चौथ्या दिवशी पलीकडच्या वस्तीवरची एक बाई तापाने फणफणलेले लेकरू घेऊन दुकानात आली. "तीन दिस झालं, नजर लागलीया. तू नुसता हात फिरव."

पोरगा सांगतो, "माझ्या पोटात गोळाच आला." गुपित राखावे तर लेकरू दवाखान्याविना राहते. त्याने मशीन बंद केली, रिळातला तंतू काढला आणि तिच्या बोटांत दिला. नोट उचलून दाखवली. मग तिच्यासमोरच तो धागा तोडला. "वहिनी, हा एवढाच देव हाय माझ्याकडं. चला आता." आणि शेजाऱ्याच्या मोटारसायकलवरून दोघांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. लेकरू बरे झाले. ते बरे केले औषधाने!

वाचकहो, हाच धागा दुसऱ्या कुणाच्या हातात असता तर? लिंबू घरंगळले असते, अंगाऱ्याची पुडी हलली असती आणि अकराचे अकरा हजार झाले असते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी अशा फसवणुकीविरुद्धच्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणे, लोकांना फसवणे किंवा त्यांच्यावर दहशत बसवणे हा या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. भजन, कीर्तन, वारी यांना या कायद्याची आडकाठी नाही. आणि "हा खेळ आहे" असे सांगून केलेला खेळ म्हणजे फसवणूक नव्हे.

तेव्हा कुणी वस्तू हलवून दाखवली तर तीन गोष्टी करा. समोरून उठून बाजूला जाऊन बसा. वस्तूच्या वर आणि दोन्ही अंगांना हात फिरवू द्या म्हणा. पंखा लावा म्हणा. खरा जादूगार हसेल. बुवा असेल तर चिडेल.

आणि तुमचे पोर रात्री मोबाइलवर असले खेळ बघत असेल तर लगेच पाठीत रट्टा घालू नका. "दाखव की आम्हाला," म्हणा. आपले डोळे किती सहज फसतात, हे ज्याने स्वतःच्या हाताने पाहिले, त्याला फसवणे अवघड जाते.

त्या ओट्यावर आजही संध्याकाळी नोट तरंगते. फरक एवढाच, की पोरगा आधी सांगतो, "मंडळी, ही हातचलाखी हाय." म्हातारी रोज येते. आता हात जोडत नाही, टाळ्या वाजवते.