दम लागतो तेव्हा हवेत काय जातं?

फेब्रुवारी 2020 मध्ये दक्षिण कोरियातल्या चेओनान शहरात फिटनेस-नृत्य शिकवणाऱ्या 27 प्रशिक्षकांची कार्यशाळा झाली. त्यातल्या आठ जणांना कोविड झाल्याचं पुढे उघड झालं. पण तोवर त्यांचे वर्ग सुरूच होते. जेमतेम साठ चौरस मीटरची खोली, पाच ते बावीस माणसं आणि पन्नास मिनिटं घाम गाळणारा नाच. वर्गातले लोक, त्यांच्या घरचे, सहकारी असे मिळून 112 रुग्ण मोजले गेले.

गंमत पुढेच आहे. बाधित प्रशिक्षकांपैकी एक पिलाटीस आणि योग शिकवत होती. तिच्या वर्गातल्या सात-आठ जणांपैकी एकालाही लागण झाली नाही.

सात-आठ माणसांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे खरं. पण 2022 मध्ये जर्मन संशोधकांनी स्वयंसेवकांना स्थिर सायकलवर बसवून त्यांच्या श्वासातले सूक्ष्म कण मोजले, तेव्हा कारणाचा अंदाज आला. बसल्या जागी माणूस मिनिटाला सरासरी 580 कण सोडत होता. पार दमेपर्यंत पायडल मारल्यावर 76,200. मध्यम श्रमापर्यंत हा आकडा हळूहळू चढतो, मग एकदम उसळी घेतो. शिवाय शर्यतीचा सराव असलेली, कमावलेल्या दमाची माणसं सर्वांत जास्त कण सोडत होती!

मग व्यायामच सोडायचा का? कॅलिफोर्नियातल्या कैसर पर्मनेन्टे या आरोग्यसंस्थेने 48,440 कोविडरुग्णांच्या नोंदी तपासल्या. साथीआधीची दोन वर्षं आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम टिकवणाऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ व्यायाम न करणाऱ्यांमध्ये मृत्यूची शक्यता सुमारे अडीच पट आढळली. वय आणि अवयव प्रत्यारोपण वगळता इतका मोठा धोका दुसऱ्या कशातच दिसला नाही. व्यायामाची मिनिटं रुग्णांनीच सांगितलेली होती, त्यामुळे आकडा थोडा जपूनच घ्यावा. तरी माझ्या मते कल स्पष्ट आहे. शरीराला तारणारे श्रम कोंदट खोलीत शेजाऱ्याला महागात पडतात. तेच मैदानात केले तर कण वाऱ्यावर विरून जातात.

महाराष्ट्रात 25 ऑक्टोबर 2020 ला, दसऱ्याच्या दिवशी, व्यायामशाळा पुन्हा उघडल्या, पण सामूहिक झुंबा आणि योग बंदच राहिले. झुंबाचं समजण्यासारखं आहे. संथ श्वासाच्या योगासनांना मात्र त्याच पंगतीत बसवलं गेलं, आणि शेजारच्या ट्रेडमिलवर धापा टाकायला परवानगी होती.